फोन आला नाही म्हणजे नॉर्मल

सेलूतल्या एका खाजगी दवाखान्यात माझी पिशवी साफ केली, त्याला आता दीड वर्ष झालं. गर्भ अकराव्या आठवड्यात होता. सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. सकाळी दहाला आत नेलं, अकराच्या सुमारास बाहेर आणलं, संध्याकाळी पाचला घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावं होती, आठ दिवसांनी दाखवायला या असं होतं, आणि सगळ्यात खाली, घाईच्या इंग्रजी अक्षरात, काढलेला नमुना तपासणीसाठी नातेवाइकांकडे दिला आहे अशी एक ओळ होती. ती ओळ मी अडीच महिने वाचली नाही.

मला पगार वाचण्याचाच मिळतो. परभणीत एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात मी बारा वर्षं डेस्कवर आहे. तालुक्यांचे वार्ताहर पाठवतात त्या बातम्या तपासायच्या, आकड्याबद्दल शंका आली तर फोन करायचा, 'समजते' आणि 'बोलले जाते' हे शब्द काढून टाकायचे, हे माझं काम. अपघातातले जखमी किती, हे दवाखान्यात स्वतः विचारल्याशिवाय मी कधी पान छपाईला सोडलेलं नाही. स्वतःच्या शरीराबाबत मात्र अडीच महिने ऐकीव माहितीवर काढले. पुढे जे लिहिलं आहे त्यात राग आहे. त्यातला काही माझ्यावर आहे. फार थोडा.

आठव्या दिवशी अंगावरून जाणं थांबलं. त्याच दिवशी मी आणि नवरा दाखवायला गेलो. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. डॉक्टर पन्नाशीचे, गावात नाव असलेले, बोलायला मवाळ. त्यांनी पोट दाबून पाहिलं, केसपेपर पुढे ओढला आणि विचारलं, "तपासणीचा रिपोर्ट?"

नवरा म्हणाला, "लॅबमधून अजून फोन नाही आला सर."

"फोन आला नाही म्हणजे नॉर्मल. काही असतं तर त्यांनी लगेच कळवलं असतं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी तसं लिहिलं.

मी समोरच्या खुर्चीत बसले होते. वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं. पोलीस ठाण्यातून फोन आला नाही म्हणजे कुणी मेलं नाही, असं एखाद्या वार्ताहरानं मला सांगितलं असतं तर मी त्याला दिवसभर सोडलं नसतं. तिथं मी मान हलवली आणि उठले.

बाराव्या दिवशी रक्त पुन्हा सुरू झालं. चार दिवस गेलं, दोन दिवस थांबलं, मग सहा दिवस गेलं. त्यानंतर त्याला काही हिशेब उरला नाही. कधी नुसता डाग, कधी गाठी. दुखणं ओटीपोटात सुरू व्हायचं आणि डाव्या मांडीत उतरायचं. सकाळच्या उलट्याही थांबल्या नव्हत्या. गर्भ काढून महिना झाला तरी चहाच्या वासानं पोटात ढवळायचं. डॉक्टरांनी त्यावर ॲसिडिटीची गोळी दिली.

सेलू ते परभणी मी रोज रेल्वेनं जाते. त्या दिवसांत मी उभ्यानं जायला लागले, बसायची जागा असली तरी. गडद रंगाचे कपडे, पर्समध्ये काळ्या पिशव्या, डब्याशेजारी दुसरी सलवार. ऑफिसात खुर्चीवर कालचा अंक अंथरून बसायची. एकदा उठले तेव्हा अंक तसाच राहिला. जाहिरात विभागातला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "आपला पेपर कुठं कुठं लागतो बघा." शेजारी हसला नाही. मी अंकाची घडी घालून तो कचऱ्यात टाकला आणि पान दोन लावायला बसले.

दुसऱ्यांदा दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, बीट खा, गूळ-शेंगदाणे खा. रक्त थांबायच्या गोळ्या दिल्या. गोळ्या चालू असेपर्यंत कमी व्हायचं, संपल्या की पुन्हा. तिसऱ्यांदा गेले तेव्हा अडीच महिने होत आले होते. केसपेपर पुढे होता. मागे लिहिलेलं त्यांनी एकदा वाचलं असावं, कारण बोट 'नॉर्मल' या शब्दापर्यंत आलं आणि पुढे सरकलं. मग त्यांनी मला विचारलं, "एक मुलगी आहे ना तुम्हाला?"

हो म्हणाले.

"मग पिशवी ठेवायची कशाला? काढून टाकू. रोजची कटकट मिटेल."

ऑपरेशनसाठी पुढच्या आठवड्यातला गुरुवार त्यांनी केसपेपरवर लिहून टाकला. मी चौतीस वर्षांची होते. रक्त का जातं हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, काही बायकांना जातं.

घरी नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि तू ठरव म्हणाला. हे समजूतदारपणाचं वाक्य आहे असं त्याला वाटत होतं. मला ते हात झटकल्यासारखं वाटलं आणि मी तसं बोलले. त्या रात्री आम्ही एकमेकांशी जेवण वाढण्यापुरतंच बोललो.

रविवारी सकाळी मी सगळे कागद जमिनीवर मांडले. एखादं प्रकरण गुंतागुंतीचं असलं की ऑफिसात आम्ही असंच करतो. कागद तारखेनं लावायचे, कुठला कागद नाही ते आपोआप दिसतं. पहिली सोनोग्राफी, रक्तगट, संमतीपत्र, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, तीन भेटींचा केसपेपर. सगळं होतं. जे काढलं त्याचा रिपोर्ट नव्हता. तेव्हा मी डिस्चार्ज कार्डावरची ती खालची ओळ वाचली.

नवऱ्याला विचारलं, नमुना कुणाकडे दिला होता?

तो म्हणाला, सिस्टरनं प्लॅस्टिकची बरणी हातात दिली होती. परभणीत स्टेशनजवळ लॅब आहे, तिथं द्या म्हणाली. आमच्या भागात ही रीत आहे. तालुक्यात लॅब नसते, दवाखान्याकडे माणूस नसतो, म्हणून बाईच्या अंगातून काढलेला तुकडा तिच्याच घरच्यांच्या हातात देतात आणि त्यांनी तो गाडीनं, बसनं, मोटारसायकलच्या डिकीतून जिल्ह्याला पोचवायचा असतो. बरोबर एक इंग्रजी चिठ्ठी. कशासाठी तपासायचं, न तपासलं तर काय होईल, हे कुणी सांगत नाही. नवऱ्याला दुसऱ्या दिवशी शाळा होती. त्याची आई माझ्यासाठी दवाखान्यात आली होती, ती त्याच सकाळी गावाकडे परत निघाली होती. तिचं गाव पूर्णा तालुक्यात, चुडाव्याजवळ. गाडी परभणीवरूनच जाते. त्यानं बरणी आणि चिठ्ठी तिच्या पिशवीत ठेवली, लॅबची पाटी कशी आहे ते समजावलं, आणि पुढच्या गाडीनं जा म्हणाला. त्यानंतर त्यानं तिला काही विचारलं नाही. तिला तेव्हा कापसाच्या वेचणीची घाई होती. बायका मिळत नव्हत्या.

सोमवारी ऑफिसला जाण्याआधी मी त्या लॅबमध्ये गेले. काउंटरवरच्या माणसानं नाव विचारून रजिस्टर पाहिलं. मग त्या आठवड्यातली सगळी पानं पाहिली. माझ्या नावानं काहीच नव्हतं. मी म्हटलं, मग तुम्ही फोन का नाही केला?

त्यानं माझ्याकडे वर पाहिलं. "बाई, बरणीच आली न्हाई तर आमी फोन कुणाला लावायचा?"

त्याच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती. मी ऑफिसात कळवून दुपारची गाडी पकडली आणि चुडाव्याला उतरले.

सासूबाई ओसरीत बसून तूर पाखडत होत्या. मला अचानक आलेली पाहून सूप खाली ठेवलं. पाणी दिलं. मी चपला काढतानाच विचारलं, आत्या, ती बरणी कुठं आहे?

त्यांनी सूप परत मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "हाय. बांधाला हाय."

मला समजायला थोडा वेळ लागला. त्या सांगत गेल्या. सिस्टरनं त्यांना सांगितलं होतं, आतलं काढून ह्यात ठेवलंय, सांडू नका. गाडीत बरणी पिशवीतून काढून त्यांनी मांडीवर घेतली. पाण्यात काहीतरी पांढुरकं दिसत होतं. परभणी आली. त्या उतरायला उठल्याही.

"उठले, दारापोतर गेले. मंग वाटलं, माझ्या घरचं लेकरू बाटलीत घालून कुन्या मान्साच्या टेबलावर नेऊन ठिवू व्हय? पाय उचललाच न्हाई. बसले परत."

गावात उतरून त्या सरळ शेताकडे गेल्या. कुत्र्यानं उकरू नये म्हणून कमरेइतका खड्डा केला. बरणी उघडली तेव्हा वास इतका उग्र होता की डोळ्यांत पाणी आलं. पांढऱ्या फडक्यात घातलं, माती लोटली आणि हात जोडून त्रिशरण म्हटलं. आमच्या घरात नवस, अंगारे-धुपारे माझ्या आजेसासऱ्यांच्या पिढीतच बंद झाले. सासूबाई कधी कुठल्या बाबाकडे गेलेल्या नाहीत. त्यांनी जे केलं ते घाबरून केलं नव्हतं. एखादं मूल गेल्यावर जे करायचं असतं तेच त्यांनी केलं होतं.

"आम्हाला का नाही सांगितलं?" मी म्हटलं. आवाज चढला होता.

"तू रडायलीस त्या वक्ताला. आन मला इचारलं कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, मी नाही, डॉक्टरांनी तर नाहीच. मी पायरीवर बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. रक्त अजून जातंय, गुरुवारी पिशवी काढणार आहेत, आणि डॉक्टरांनी कागदावर नॉर्मल लिहिलंय. त्यांना हे शेवटचं कळेना. न तपासलेल्याचं नॉर्मल कसं लिहिलं, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "मी अडानी. मला म्हन काय म्हनायचं ते. त्यो तर शिकलेला हाय ना?"

मी त्यांच्यावर ओरडायला गेले होते. परतीच्या गाडीत कळलं की ओरडून झालं नव्हतं आणि आता होणारही नव्हतं. तेवढा राग मी बरोबर घेऊन आले. त्याला जाण्याचं ठिकाण आता नक्की होतं.

मंगळवारी परभणीत दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. या डॉक्टरीणबाई माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या बायकोच्या ओळखीतल्या. त्यांचं पहिलं वाक्य हेच होतं, की काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट द्या. मी म्हटलं, नाही. कधी नव्हताच. त्यांनी पेन खाली ठेवला आणि आधी लघवीची साधी तपासणी करायला लावली, दिवस गेलेत का ते बघतात तीच. पट्टीवर दोन रेघा आल्या, दोन्ही ठळक.

त्यांनी विचारलं, पुन्हा दिवस गेले असतील का? मी म्हटलं, शक्य नाही. या अडीच महिन्यांत माझ्या जवळ कुणी आलेलं नाही.

मग सोनोग्राफी झाली आणि रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी आकडा आला. गर्भ असताना शरीरात जे द्रव्य वाढतं, ते माझ्या रक्तात पाच आकडी होतं, आणि पोटात गर्भ नव्हता. डॉक्टरीणबाईंनी मला द्राक्षगर्भ हा शब्द सांगितला. गर्भाऐवजी वारेचेच फोड वाढत जातात, द्राक्षांच्या घडासारखे. साफ केल्यावर बहुतेक वेळा ते संपतं. कधी कधी थोडं राहतं, पिशवीच्या भिंतीत शिरतं, फुप्फुसापर्यंतही जातं, आणि मग तो एक प्रकारचा कर्करोगच होतो. लवकर कळलं तर इंजेक्शनांनी पुरता बरा होतो. कळायचे मार्ग दोन, तो तुकडा तपासणं आणि नंतर दर आठवड्याला रक्त तपासत राहणं. माझ्या बाबतीत दोन्ही झालं नव्हतं.

मी विचारलं, गुरुवारी पिशवी काढली असती तर?

त्या म्हणाल्या, "पिशवी गेली असती. रक्त थांबलं असतं. आणि बाकी अंगात काही पसरलं असलं तर कुणी बघितलं नसतं, कारण तुम्ही बऱ्या झालात असं सगळ्यांना वाटलं असतं."

छातीचा एक्सरे स्वच्छ आला. तो हातात येईपर्यंतचे दोन तास मी त्यांच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर होते आणि त्या वेळात मला दुसरं काही सुचलं नाही. मुलीच्या शाळेची व्हॅन किती वाजता येते एवढंच आठवत राहिलं.

इंजेक्शनं नांदेडला घेतली. एक दिवसाआड चार, मधल्या दिवशी गोळी, ही एक फेरी, मग काही दिवसांची सुटी आणि पुन्हा तेच. तोंड आतून सोलून निघालं. भाकरी तर सोडाच, पाणीही झोंबायचं. सासूबाई स्वतःहून सेलूला राहायला आल्या. त्यांनी घरातलं तिखट बंद केलं, ज्वारीच्या कण्या पातळ शिजवून थंड करून द्यायच्या. आमच्यात फारसं बोलणं होत नव्हतं. एक दिवस वाटी पुढे ठेवून त्यांनी विचारलं, "लेकरू व्हतं ना पन ते?"

मी डॉक्टरांना हे विचारलं होतं. काही द्राक्षगर्भांत थोडाफार गर्भ असतो, काहींत मुळीच नसतो, आणि तुकडा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. होतं म्हटलं असतं तर एका म्हाताऱ्या बाईला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "माहीत नाही आत्या. आता कळणारही नाही."

त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. कण्या मात्र वेळेवर येत राहिल्या. मी खोटं बोलायला हवं होतं असं नवरा म्हणाला. मला तसं अजूनही वाटत नाही. या सगळ्यात कुणीतरी न तपासता लिहिलं म्हणूनच मी तिथं पडले होते.

आकडा उतरत होता. पाच आकड्यांवरून चारवर, मग तीनवर. तिसऱ्या फेरीनंतर मला जिना चढता यायला लागला तेव्हा मी सेलूच्या डॉक्टरांकडे गेले आणि केसपेपरची प्रत मागितली. गुरुवारच्या ऑपरेशनला मी गेले नव्हते आणि कळवलंही नव्हतं. त्यांच्या कानावर सगळं गेलेलं होतं. गाव लहान आहे.

"तुमच्याच सासूबाईंनी बरणी पुरली म्हणे," ते म्हणाले. "त्याला मी काय करणार, ताई?"

मी विचारलं, तुम्ही नॉर्मल कशावरून लिहिलं?

"सगळीकडे तसंच लिहितात. बहुतेकींचा नॉर्मलच येतो."

"माझा नॉर्मल आला नव्हता. वाईटही आला नव्हता. तो आलाच नव्हता."

ते म्हणाले, तुम्ही पत्रकार आहात, पेशंटची गर्दी कशी असते तुम्हाला माहीत आहे, समजून घ्या. बाहेर खरंच गर्दी होती. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी म्हटलं, मला समजून घ्यायचं नाही, दुरुस्ती हवी आहे. त्यांनी सुटकेसारखी मान हलवली, खण उघडला आणि व्हाइटनरची बाटली काढली.

आजवर मी कुणावर हात उचललेला नाही. त्या क्षणी मी टेबलाची कड धरली.

"पांढरं लावायचं नाही," मी म्हटलं. "खालचं वाचता येईल अशी एक रेघ मारा. बाजूला खरं काय ते लिहा. सही करा. आजची तारीख टाका."

"त्यानं काय होणार आहे?"

"चुकीच्या बातमीची दुरुस्ती अशीच छापतात."

त्यांनी बाटली परत खणात ठेवली. मग त्यांनी रेघ मारली. 'नॉर्मल'च्या शेजारी 'रिपोर्ट प्राप्त नाही' असं लिहिलं. अक्षर चांगलं होतं. सही केली. तारीख टाकायला विसरले, ती मी टाकायला लावली. खाली गुरुवारच्या ऑपरेशनची नोंद होती, तीही खोडून घेतली. कंपाउंडरनं झेरॉक्स आणून दिली. मी जायला उठले तेव्हा डॉक्टर म्हणाले की इतकं ताणायची गरज नव्हती, तुम्ही तर बऱ्या झालात.

जिल्ह्याच्या आरोग्य विभागाकडे मी लेखी तक्रार दिली. पोच आहे, उत्तर नाही. नमुना नातेवाइकांच्या हाती देऊ नये, द्यायचाच असेल तर तो पोचला का हे दवाखान्यानं विचारावं, आणि न आलेल्या रिपोर्टला न आलेला म्हणावं, एवढंच त्यात आहे. संपादकांना यावर माझा लेख हवा होता, 'मृत्यूशी झुंज' अशा अंगानं. मी नाही म्हणाले. झुंज मी दिलेली नाही. मी कागद लावले.

पाचव्या फेरीत आकडा सामान्य झाला. त्यानंतरही खबरदारी म्हणून दोन फेऱ्या दिल्या. मग वर्षभर दर महिन्याला रक्त तपासायचं आणि तोवर दिवस जाऊ द्यायचे नाहीत, असं ठरलं. इंजेक्शनं बंद झाल्यावर दोन महिने काहीच नव्हतं. तिसऱ्या महिन्यात, ऑफिसात असताना, डाग दिसला. बाथरूममधूनच मी परभणीच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पाळी असेल, दिवस मोजा. मी मोजले. पहिल्या दिवशी दुखलं, ओटीपोटातच, मांडीत उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी जास्त गेलं. तिसऱ्या दिवशी कमी. चौथ्या दिवशी मी गाडीत बसून आले. पाचव्या दिवशी थांबलं. नवरा म्हणाला, चला, संपलं एकदाचं.

सहाव्या दिवशी मी नांदेडला जाऊन रक्त दिलं. लॅबवाल्यानं सांगितलं की संध्याकाळपर्यंत मोबाइलवर येईल, थांबायची गरज नाही. मी थांबले. साडेचारला कागद हातात आला. त्यावरचं नाव, वय आणि तारीख आधी तपासली, मग आकडा वाचला, तो सामान्य होता, आणि मग गाडीची वेळ विचारली.